काळ्या ग्लिसरीनच्या गोदाताई

गोदाताई सप्रे कुठलीही वस्तू आधी नाकाजवळ न्यायच्या, मग डोळ्यांजवळ. मेथीची जुडी, नवं पुस्तक, कुणी दिलेलं पातळ, त्यांच्या भावाला यात्रेकरूंनी आणून दिलेलं काळ्या मसाल्याचं पुडकं, सगळं आधी हुंगून व्हायचं. माझी त्यांची ओळखही त्यामुळेच झाली.

माझ्या नवऱ्याची रेल्वेतून बनारसला बदली झाली होती. आम्ही बार्शीकडचे. नव्या गावात माझं कुणी नव्हतं आणि दिवस लांबलचक होते. एकदा सकाळी दह्याच्या दुकानापाशी उभी होते. माझ्यापुढे पन्नाशी उलटलेल्या एक बाई होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी दह्याचं कुल्हड नाकाशी धरलं आणि दुकानदाराला विचारलं, "जामन बदल दिए का?"

दुकानदार चपापला. घरचं विरजण संपलं म्हणून त्याने मेहुण्याच्या दुकानातून आणलं होतं, हे त्याने कबूल केलं. बाई वळता वळता पुटपुटल्या, "आज गोड लागेल, पण उद्यापर्यंत काही टिकत नाही हे."

मराठी शब्द कानावर पडले आणि माझ्या तोंडून निघालंच, "तुम्ही मराठी?"

"आम्ही काशीचे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण मराठीच. किती पिढ्या झाल्या कोण गिनतं! तू कुठली?"

मी गाव सांगितलं. त्यांनी शिक्षण विचारलं, तेव्हा मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी म्हणाले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, जणू विरजण म्हणून मी चालेन की नाही ते बघताहेत.

"मग घरी बसून काय करतेस? उद्या ये माझ्याकडे. मला कुणीतरी पाहिजेच आहे. आणि अत्तर लावून नको येऊ."

दुसऱ्या दिवशी मी गेले. एका जुन्या कॉलेजच्या मागच्या अंगणात त्यांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन फ्रीज, भांडी निर्जंतुक करायचा एक ऑटोक्लेव्ह, आणि आतल्या कोपऱ्यात काचेचं पाच लिटरचं भांडं, ज्यात संथपणे काहीतरी ढवळलं जात होतं. दार उघडताच असा वास आला की मी दोन पावलं मागे सरले. आंबट, घामट, पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांसारखा.

"आला ना?" गोदाताई खुशीत म्हणाल्या. "हा वास आला की समजायचं, मंडळी कामावर आहेत."

मंडळी म्हणजे जिवाणू. त्यांचं शास्त्रीय नाव गोदाताईंनी माझ्यासमोर फार तर दोनदा घेतलं असेल. एरवी "आज मंडळी सुस्त आहेत", "मंडळींना भूक लागली आहे", असंच चालायचं.

या मंडळींचं खाणं होतं काळं ग्लिसरीन. त्याची हकीकत अशी. बनारसमध्ये सकाळ होते ती कचोरी आणि जिलबीच्या कढयांवर. त्या कढयांमधलं जळकं, वापरून काळं झालेलं तेल गोळा करून शहराबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात त्याचं बायोडिझेल करत. डिझेल विकलं जाई. पण दर दहा डब्यांमागे साधारण एक डबा काळं, चिकट ग्लिसरीन तळाशी उरतं. त्यात साबण, मीठ आणि विषारी मिथेनॉल. शुद्ध करायला गेलं तर खर्च परवडत नाही आणि तसंच घ्यायला कोणी तयार नाही. कारखान्याच्या मागे अशा पिंपांची रांग लागलेली असायची. जागा संपली की एखादं पिंप मागच्या नाल्यात कलंडायचं. नाल्यावर फेस यायचा, मासे उलटे तरंगायचे, आणि पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी त्या पाण्याला तोंड लावायच्या नाहीत.

गोदाताईंना हे कळलं ते एका विद्यार्थिनीकडून. त्या थेट कारखान्यावर गेल्या. मालकाला सगळे मुन्नाबाबू म्हणत. बाई दारात आलेली पाहून त्यांना वाटलं, तक्रार घेऊन आली. त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला, वरपर्यंत आपली कशी ओळख आहे हेही सुचवलं. गोदाताईंनी चहा संपवला आणि प्लॅस्टिकचा रिकामा कॅन टेबलावर ठेवला.

"थोडा ग्लिसरीन चाहिए। वो काला वाला।"

"वो तो जहर है, बहनजी। क्या करिएगा?"

"किसी को खिलाना है।"

मुन्नाबाबूंचा चेहरा कसा झाला होता ते गोदाताई पुढे कितीतरी वर्षं करून दाखवायच्या.

त्यांची मंडळी त्यांना सापडली होती एका गोठ्यातल्या ओल्या, मुरलेल्या चाऱ्यात. ग्लिसरीन खाऊन ती प्रोपिऑनिक आम्ल तयार करत. पाव, धान्य, चारा यांना बुरशी लागू नये म्हणून हे आम्ल किंवा त्याचा क्षार वापरतात, आणि बाजारात मिळणारं बहुतेक सगळं खनिज तेलापासून बनवलेलं असतं. गोदाताईंचं म्हणणं साधं होतं. जे नाल्यात जातं त्यापासून हे बनू शकतं, तर का बनवू नये?

पण मंडळी होती महाहट्टी. एक तर फार सावकाश वाढणारी. दुसरं, त्यांनी केलेलं आम्ल जरा साचलं की त्याच आम्लात ती गुदमरायची. आणि तिसरं, शुद्ध ग्लिसरीनवर छान चालणारी ही मंडळी काळं ग्लिसरीन दिलं की मान टाकायची. आधी गरम करून मिथेनॉल उडवायचं, मग साबण वेगळा काढायचा, तरी उरलेलं मीठ त्यांना सोसेना. तेव्हा गोदाताईंनी सवय लावायला घेतली. चांगल्या ग्लिसरीनमध्ये चिमूटभर काळं. जी जगतील त्यांना पुढच्या खेपेला थोडं जास्त. त्यातून जगतील त्यांना आणखी. हे महिनोन्‌महिने चाललं, मग वर्ष उलटलं. मध्येच एखादी पिढी सबंध मरायची आणि आम्ही चार पायऱ्या खाली येऊन पुन्हा सुरू करायचो.

मी एकदा वैतागून म्हणाले, "ताई, याच्यापेक्षा यीस्टवर काम केलं असतं तर एव्हाना दहा पेपर झाले असते."

"ज्याला घाई आहे त्याने यीस्टच पाळावं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला काही जल्दी नाही. आपण विश्वनाथाच्या गावात राहतो, इथे लोक मरायलासुद्धा फुरसतीने येतात."

आम्ल साचू नये म्हणून त्यात चुना घालावा लागे. चुना आम्लाला धरतो, पांढरा क्षार तयार होतो आणि मंडळींना श्वास मिळतो. एकदा प्रयोगशाळेतला चुना संपला आणि कॉलेजच्या कार्यालयातून नवा यायला वेळ होता. गोदाताई फाटकाबाहेरच्या पानवाल्याकडे गेल्या आणि त्याच्या मडक्यातला ओला चुना वाटीभर घेऊन आल्या. मी म्हटलं, अशुद्ध असेल. त्या म्हणाल्या, "ज्यांना कचोरीचं जळकं तेल पचतं, त्यांना बनारसी चुना नाही पचणार?" पचला. तेव्हापासून पानवाला येताजाता विचारायचा, "दीदी, आपके कीड़े कैसे हैं?"

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्या धाकट्या भावाबरोबर राहायच्या. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. भाऊ, बाळभाऊ, दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंचे विधी करत. दोघांनीही लग्न केलं नव्हतं आणि दोघांचं रोजचं भांडण ठरलेलं होतं. ताई घरी आल्या की बाळभाऊ ओसरीवरूनच ओरडत, "अक्का, आधी आंघोळ! मग चौक्यात पाऊल."

"सोवळं म्हणून सांगत नाही हो," त्यांनी मला एकदा सांगितलं. "यजमान श्राद्धाला बसलेले असतात आणि ही आली की पितर उठून जातील असा वास येतो."

गोदाताई यावर कधी चिडल्या नाहीत. उलट आंघोळ करून आल्या की भावासमोर हात धरायच्या, "हुंग. गेला?" ते तोंड फिरवून म्हणत, "गेला, गेला." तो गेलेला नसायचा. मला त्या घरी बसल्या बसल्याही यायचा.

त्यांचं नाक म्हणजे आमच्या कामातलं सर्वांत भरवशाचं उपकरण होतं. एखाद्या फ्लास्कमध्ये नको ते शिरलं असेल तर सूक्ष्मदर्शकाआधी त्यांना कळायचं. बूच जरा सैल करून एकदा हुंगायचं की निकाल. "फेक, यात परका आहे." नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला की काही दिवसांनी तेच उत्तर यायचं. मला त्यांनी हेच शिकवलं. रोज सकाळी सगळे फ्लास्क मी आधी हुंगायचे, काय वाटतं ते सांगायचं, मग त्या. सुरुवातीला मी घाबरत काहीही बोलायचे. हळूहळू आमची उत्तरं जुळू लागली.

मग कोरोना आला. बाळभाऊ आणि ताई दोघंही आजारी पडले, बाळभाऊ जास्त. दोघं वाचले. पुन्हा प्रयोगशाळा उघडली त्या सकाळी ताईंनी पहिल्या फ्लास्कचं बूच सैल केलं, नाकाशी धरलं. पुन्हा धरलं. मग मला विचारलं, "यात काही वाढलेलंच नाही का?"

मी दारात उभी होते आणि तिथवर मला वास येत होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बूच नीट बसवलं आणि फ्लास्क जागेवर ठेवला. त्या दिवशी त्यांनी बाकीचे फ्लास्क हुंगले नाहीत. म्हणाल्या, "तू बघून घे."

बाळभाऊंकडून नंतर कळलं, घरी ताईंच्या समोर गॅसवर दूध करपलं तरी त्यांना समजलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ताईंनी लवंग, कापूर, हिंग आणि लिंबाची साल अशा चार बाटल्या केल्या. रोज सकाळी खिडकीपाशी बसून एकेक बाटली उघडायच्या, डोळे मिटायच्या आणि आठवायचा प्रयत्न करायच्या. मी ते पाहिलं आहे. देवापुढे बसलेल्या माणसाकडे पाहून वाटतं तसं काहीतरी वाटायचं. हिंगाचा वास थोडासा परतला, तोही विचित्र, रबर जळाल्यासारखा. बाकी काही आलं नाही.

"शेवग्याची आमटी खाताना वाटतं, गरम पाणी पितेय," त्या एकदा म्हणाल्या. "ठीक आहे, जीव वाचला. पण मंडळींशी बोलणं बंद झालं बघ."

काम मात्र थांबलं नाही. मंडळी आता पूर्णपणे काळ्या ग्लिसरीनवर जगत होती. नाल्यापलीकडच्या गोठ्याचे मालक यादवजी, त्यांचा मक्याचा ओला चारा दर पावसाळ्यात बुरशीने जायचा. त्या वर्षी त्यांनी दोन ढीग केले, एकात आमच्या क्षाराची पांढरी पूड मिसळली. श्रावण संपता संपता साधा ढीग आतून हिरवा-काळा झाला होता. आमचा ढीग फोडला तेव्हा चारा पिवळा आणि सुटा निघाला. यादवजींची म्हातारी आई काठी टेकत आली, मूठभर चारा तिने म्हशीसमोर धरला. म्हशीने खाल्ला. तेव्हा म्हातारी म्हणाली, "अब ठीक बा." गोदाताईंना कुठल्याही परिषदेत मिळालेल्या टाळ्यांपेक्षा त्याचा आनंद झालेला मी पाहिला.

यानंतर मुन्नाबाबूंना उत्साह आला. त्यांनी कारखान्याच्या आवारात मोठी टाकी बसवली. दिल्लीहून एका कंपनीचे लोक पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडलं असतं तर मोठा प्रकल्प उभा राहिला असता, आजूबाजूच्या जिल्ह्यांमधलं सगळं काळं ग्लिसरीन तिथे आलं असतं. गोदाताईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या हयातीत अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

पाहुणे येणार त्या सकाळी आम्ही टाकीपाशी गेलो. सगळं उत्तम दिसत होतं. चुना भराभर संपत होता, म्हणजे आम्ल भराभर तयार होत होतं. मुन्नाबाबूंनी नवा सदरा घातला होता, टाकीला झेंडूची माळही घातली होती. ताई मला म्हणाल्या, "वैशाली, जा वर."

मी शिडी चढले, झाकण सरकवलं आणि वाकले. आमचा ओळखीचा घामट वास होता. पण त्याच्या खाली दुसरा काहीतरी होता. जुन्या, खवट लोण्याचा. मी पुन्हा हुंगलं. खाली उतरून ताईंच्या कानात सांगितलं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"मला तसं वाटतंय. ताई, पण आकडे चांगले आहेत. माझी चूक होत असेल."

"आकड्यांना काय, आम्ल मिळाल्याशी मतलब. कुणाचं आहे ते चुन्याला कळत नाही." त्या टाकीकडे बघत राहिल्या. "तुला आकडे विसरून विचारते. वास काय सांगतो?"

"परका आहे."

त्यांनी मान हलवली. मुन्नाबाबूंना बाजूला बोलावून सांगितलं. ते हात जोडायला लागले. "बहनजी, आज की बात है बस। इन लोगों को क्या मालूम पड़ेगा? रिपोर्ट तो बाद में आएगी।"

"मला मालूम आहे ना," ताई मराठीतच बोलून गेल्या. भान आल्यावर हिंदीत म्हणाल्या, "मुझे तो मालूम है।"

पाहुणे आले. तिघं होते. त्यांनी मीटर पाहिले, फोटो काढले, माना डोलावल्या. त्यातला एक हसून म्हणाला, आकडे आमच्या अपेक्षेपेक्षा चांगले आहेत. तेव्हा गोदाताई त्यांना हिंदीत म्हणाल्या, "हे आकडे धरू नका. ही टाकी बिघडली आहे असं आम्हाला वाटतं. यात दुसरे जिवाणू शिरले आहेत. चारा टिकवायला हा माल द्यायचा नाही. आम्ही टाकी रिकामी करून पुन्हा लावू, तेव्हा या."

"कशावरून वाटतं?"

"वासावरून."

ते एकमेकांकडे पाहू लागले. मग सभ्यपणे चहा पिऊन निघून गेले. गाडी फाटकाबाहेर गेल्याबरोबर मुन्नाबाबूंचा तोल सुटला. "आपकी नाक तो कब की चली गई! किसके कहने पर ये सब किया?"

गोदाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इसके."

परत येताना ऑटोत मी म्हणाले, "ताई, अहवालात काही निघालं नाही तर?"

"तर निघालं नाही." त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "तुला मी शिकवलं. तुझ्यावर भरवसा नाही ठेवला, तर मग मी इतकी वर्षं काय केलं?" आणि जरा वेळाने, अगदी हळू, "मला स्वतःला आला असता तो वास, तर बरं झालं असतं गं."

अहवाल आला. खवट लोण्याचं आम्ल निघालं. कुठल्यातरी नळीच्या जोडातून परके जिवाणू शिरले होते. त्या अहवालाचा आनंद करावा की दुःख, आम्हाला कळेना. दिल्लीचे लोक पुन्हा आलेच नाहीत. ताई निवृत्त झाल्या, प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला गेली. मंडळींच्या बाटल्या त्यांनी घरच्या फ्रीजमध्ये आणल्या. बाळभाऊंनी कुरकुरत वरचा कप्पा रिकामा करून दिला, तिथे त्यांचं पंचामृताचं सामान असायचं.

पुढच्या पावसाळ्याआधी मुन्नाबाबू स्वतः बालाजी घाटाच्या गल्लीत आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, यादवजी आणि आणखी काही गोठेवाले सफेद पाउडर मागताहेत. पिंपांना जागा उरली नाही. मोठी टाकी नको, छोटी चालेल का? आणि मान खाली घालून, "आपने उस दिन वो माल जाने दिया होता, तो यादव मुझे आज दरवाज़े पर खड़ा न होने देता।"

गोदाताईंनी त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला.

मोठा प्रकल्प झाला नाही. एक छोटी टाकी आजही चालते, ताईंच्या दोन विद्यार्थिनी ती बघतात. आसपासच्या गोठ्यांपुरती पूड निघते. नाल्यात आता पिंप कलंडत नाही. जगात केवढं ग्लिसरीन वाया जात असेल, त्यापुढे हे काहीच नाही. मी तसं म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या नाल्यापुरतं झालं ना. दुसरा नाला दुसऱ्याने बघावा, तेवढं तरी उरू दे लोकांना." वासाबद्दल विचारलं तर हसायच्या. "टाकी बरी चालली आहे की नाही ते आता मला पोरींच्या तोंडावरून कळतं. नाक मुरडलं की समजायचं, सगळं ठीक आहे."

मग आमची सोलापूरला बदली झाली. मागच्या वर्षी बाळभाऊंचा फोन आला. ताई झोपेतच गेल्या म्हणाले. मणिकर्णिकेवर सगळं त्यांनी स्वतः केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं करत आलो, म्हणाले, पण मंत्र म्हणताना मध्येच विसरलो, शेजारच्याने पुढचं सांगितलं.

मला मात्र त्या दिसतात त्या आम्ही बनारसहून निघायच्या आदल्या दिवशीच्या. माझी आई आली होती, तिला गंगेवरून घाट दाखवायला नाव केली होती. थंडी होती, ऊन नुकतं पायऱ्यांवर उतरलं होतं. नाव बालाजी घाटासमोरून जाऊ लागली आणि मला खालच्या पायरीवर गोदाताई दिसल्या. केस मोकळे सोडून वाळवत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी कोणी म्हातारी काहीतरी सांगत होती आणि त्या मान मागे टाकून हसत होत्या. मी उभी राहून हाक मारली. नावाडी ओरडला, बसा. इंजिनाच्या आवाजात माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. त्यांनी कपाळावर हात धरून आमच्या दिशेने पाहिलं. सूर्य त्यांच्या डोळ्यांवर होता, त्यांना मी ओळखू येणं शक्यच नव्हतं. यात्रेकरूंची आणखी एक नाव, एवढंच त्यांना दिसलं असेल. तरी त्यांनी हात वर केला आणि हलवला, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिल्या.